केसाचे मूळ आणि खारघरचे उंदीर

ओझरच्या आसपास एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की द्राक्षबागा पार बोडक्या दिसतात. परक्या माणसाला वाटावे, बाग गेली. बागायतदार मात्र निर्धास्त असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर पडणार, त्याची घडण काडीवरच्या डोळ्यात याच उन्हाळ्यात होते, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरीही तो नुसत्या भरवशावर राहत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन देतो, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे उघडून आत घड आहे का, कितव्या डोळ्यावर आहे, हे तपासून घेतो. तो अहवाल हाती आल्यावरच कात्री कुठे चालवायची हे ठरते.

अशाच एका बागायतदाराचा सव्वीस वर्षांचा मुलगा एका श्रावणात जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आला. केसपेपरवर तक्रार ‘डोकेदुखी’ अशी होती. गर्दी ओसरेपर्यंत तो बाकावर बसून राहिला आणि शेवटी आत येऊन त्याने टोपी काढली. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले, टाळूवरचे केस विरळ झालेले. शहरातल्या एका क्लिनिकने त्याला ‘जेनेटिक टेस्ट’ आणि ‘स्टेम सेल’ची सहा सिटिंग सांगितली होती. पैसे द्राक्षाच्या हंगामातून बाजूला ठेवलेल्या रकमेतून जायचे होते. तुळशीचे लग्न लागले की स्थळे पाहायला सुरुवात करायची, असे घरात ठरलेले. “साहेब, आईच्या वडिलांना टक्कल होतं. म्हणजे मला पडणारच ना?” त्याने विचारले. खोलीतल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितले, “अरे, याला काय औषध? टोपी घाल आणि लग्न उरकून घे.” सगळे हसले. तोही हसला.

असे हसणे बहुतेक दवाखान्यांत ऐकू येते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. प्रयोगशाळांमध्ये केसाच्या मुळाला जो मान आहे, त्याच्या दशांशानेही तो दवाखान्यात मिळत नाही. डॉक्टरांनी हसून सोडून दिलेली जागा मग बाजार गंभीर चेहरा करून भरून काढतो. मुंबई-आग्रा महामार्गाने कुठेही जा, केस परत आणण्याची हमी देणारा फलक लागतोच.

डोक्यावर जो केस दिसतो तो मेलेला असतो. तेल, शाम्पू, जास्वंद, माका, वडाच्या पारंब्या हे सगळे त्या मेलेल्या भागाची निगा राखतात. त्यात वाईट काही नाही, आजीच्या हातचे तेल लावून घेण्याचे सुख वेगळेच. पण जिवंत भाग त्वचेच्या खाली आहे. त्याला हेअर फॉलिकल म्हणतात. माणसाच्या डोक्यावर अशी सुमारे एक लाख आणि सर्व अंगावर मिळून सुमारे पन्नास लाख मुळे असतात, आणि ती सगळी आईच्या पोटातच तयार होतात. गर्भ तीन महिन्यांचा होण्याच्या सुमारास त्वचेचा वरचा थर आणि खालचा थर यांच्यात रासायनिक निरोपांची देवाणघेवाण सुरू होते. खालून निरोप येतो, वरच्या पेशी खाली वाढू लागतात, त्या पुन्हा खाली निरोप पाठवतात आणि तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका तयार होतो. त्याला डर्मल पॅपिला म्हणतात. जन्मानंतर सहसा नवे मूळ तयार होत नाही. जे आहे तेच आयुष्यभर पुन्हा पुन्हा पिकवायचे.

पिकवायचे हा शब्द इथे नेमका बसतो, कारण मुळालाही बागेसारखे हंगाम असतात. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसते, सुमारे तीन महिने विश्रांती घेते, जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा फुटतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हा याच चक्राचा भाग आहे. विश्रांतीतले मूळ पुन्हा जागे करण्याची शिदोरी मुळाच्या वरच्या भागातल्या एका फुगवट्यात असते. तिथे मूलपेशी राहतात. जॉर्ज कोत्सारेलिस, तुंग-तिएन सुन आणि रॉबर्ट लॅव्हकर यांनी १९९० मध्ये उंदरांच्या त्वचेत हा फुगवटा मूलपेशींचे घर असल्याचे दाखवले. त्याआधी सगळ्यांची नजर मुळाच्या तळाशी होती.

हे चक्र चालवणारी जनुके शोधण्याचे काम जगभर चालते, तसे ते महाराष्ट्रातही चालते. तेही एखाद्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत नव्हे, खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन संस्थेत. तिथे डॉ. संजीव वाघमारे यांचा गट केसाच्या मुळातल्या मूलपेशींचा अभ्यास करतो. कर्करोगाच्या संस्थेत केसांचे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर या विषयाच्या गाभ्याशी आहे.

वाघमारे यांनी त्याआधी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात तुदोरिता तुम्बार यांच्या प्रयोगशाळेत काम केले. २००८ मध्ये ‘एम्बो जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचा प्रश्न साधा होता: केसाच्या एका हंगामात मूलपेशी किती वेळा विभागते? मोजायचे कसे? उंदराच्या मूलपेशींमधल्या गुणसूत्रांना चमकणारे प्रथिन जोडायचे आणि मग त्या प्रथिनाचे उत्पादन बंद करायचे. पेशी विभागली की चमक निम्मी होते, पुन्हा विभागली की पाव. भावाभावांत वाटण्या होऊन सातबाऱ्यावरचे क्षेत्र जसे पिढीगणिक निम्मे होत जाते, तसेच. सातबारा पाहून किती वाटण्या झाल्या ते सांगता यावे, तसे चमक पाहून किती विभाजने झाली ते सांगता येते. उत्तर आले की या पेशी अगदी मोजक्या वेळा विभागतात. मूलपेशी आपल्या डीएनएची जुनी प्रत जपून स्वतःकडेच ठेवते आणि नवी प्रत दुसऱ्या पेशीला देते, अशी एक जुनी कल्पना होती. या मुळात तसे काही आढळले नाही, वाटणी कशीही होते.

खारघरला आल्यावर या गटाने एका प्रथिनाचा पाठपुरावा केला. त्याचे नाव स्रावी फॉस्फोलायपेज, छोट्या नावाने एसपीएलए२-२ए. काही कर्करोगांत हे प्रथिन वाढलेले आढळते. उंदरांच्या त्वचेत त्याचे जनुक मुद्दाम जास्त सक्रिय केले, तेव्हा केसाच्या मुळातल्या मूलपेशींचा साठाच आटत गेला. पेशी राखीव राहण्याऐवजी घाईने पक्व होऊ लागल्या. हे काम २०१६ मध्ये ‘स्टेम सेल्स’ या नियतकालिकात आले. पुढच्या वर्षी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये त्यांनी दाखवले की या उंदरांना टप्प्याटप्प्याने टक्कल पडते आणि त्यांच्या जखमाही नीट भरत नाहीत. म्हणजे केस, जखम आणि कर्करोग या तिन्ही गोष्टी एकाच कोठाराशी जोडलेल्या आहेत. त्या कोठाराचे दार किती उघडायचे हे ठरवणारी जनुके समजली, तर तिन्ही ठिकाणी उपयोग.

दार जास्त उघडले तर काय होते, हे त्याआधीच दिसले होते. १९९८ मध्ये शिकागोत इलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या त्वचेत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन सतत चालू राहील अशी व्यवस्था केली. हे प्रथिन ‘मूळ तयार कर’ हा निरोप पेशीच्या आत पोहोचवते. जन्मानंतर सहसा जे होत नाही ते त्या उंदरांत झाले. नवी मुळे तयार झाली, अंग दाट केसांनी भरले. टक्कल बरे होणार, म्हणून वर्तमानपत्रांनी मथळे सजवावेत असाच हा प्रयोग होता. पण त्या उंदरांना पुढे केसाच्या मुळाच्या गाठी झाल्या. वर्षभरात फुक्स यांच्याच गटाने माणसांत होणाऱ्या पायलोमॅट्रिकोमा या केसमुळाच्या गाठींमध्ये याच जनुकातले बदल शोधून काढले. या गाठी बहुधा निरुपद्रवी असतात, पण धडा तिथेच मिळाला. केस उगवण्याची आणि गाठ वाढण्याची कळ एकच आहे, फरक आहे तो किती वेळ आणि किती जोराने दाबली याचा. कर्करोगाची संस्था केसांचा अभ्यास का करते, त्याचे कारण हे. आणि ‘आम्ही तुमच्या मूलपेशी जाग्या करतो’ म्हणणाऱ्या कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की जाग्या केलेल्या पेशी पुन्हा झोपवता येतात का?

या विषयातला सर्वांत चमत्कारिक वाटणारा प्रयोग एका नवरा-बायकोने स्वतःवर केला. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातले कॉलिन जहोडा यांनी स्वतःच्या डोक्यावरच्या केसाच्या मुळाभोवतीचे सूक्ष्म आवरण काढून, पत्नी आणि सहकारी संशोधक अमांडा रेनल्ड्स यांच्या हाताच्या आतल्या बाजूला बसवले. काही आठवड्यांत तिथे जाड, काळसर केस उगवले. तपासले तेव्हा त्या मुळांमध्ये पुरुषाच्या पेशी सापडल्या, आणि परक्या शरीराच्या असूनही त्या नाकारल्या गेल्या नव्हत्या. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आले. आता पाच-दहा वर्षांत टक्कल इतिहासजमा होणार, असे तेव्हा पुष्कळांना वाटले.

तसे झाले नाही आणि का झाले नाही हे जाहिरातींत कधी येत नाही. डर्मल पॅपिलाच्या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या की त्या पसरतात आणि आपण कोण होतो हे विसरतात. त्यांची केस उगवण्याची ताकद जाते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात क्लेअर हिगिन्स आणि अँजेला क्रिस्तियानो यांनी जहोडांसोबत एक युक्ती केली. बशी उलटी टांगून, लटकत्या थेंबात त्या पेशी वाढवल्या. पेशी एकत्र येऊन गोळा झाल्या आणि त्यांना जुनी ओळख थोडीफार आठवली. बदललेल्या जनुकांपैकी सुमारे २२ टक्के जनुके पूर्वपदावर आली. सात दात्यांपैकी पाच जणांच्या पेशींनी उंदरावर लावलेल्या मानवी त्वचेत नवी मुळे तयार केली. २०२० मध्ये बोस्टनमध्ये कार्ल कोहलर यांच्या गटाने मानवी मूलपेशींपासून केसांसकट त्वचेचा गोळा बशीत वाढवला, त्याला चार-पाच महिने लागले. हे सगळे खरे आहे आणि थक्क करणारे आहे. मात्र या प्रवासात जगातल्या उत्तम प्रयोगशाळांना जिथे वीस-पंचवीस वर्षे खर्चून बशी आणि उंदीर यांच्या पुढे जेमतेम पाऊल टाकता आले, तिथे एखाद्या बाजारपेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरचे क्लिनिक सहा सिटिंगमध्ये पोहोचले, यावर विश्वास ठेवायला बागायतदाराचा मुलगाही तयार नसावा. पण तो ठेवतो, कारण त्याला कोणी हे समजावून सांगितलेले नसते.

आता त्याच्या प्रश्नाकडे. आईच्या वडिलांना टक्कल असेल तर नातवाला पडणार, ही समजूत पूर्ण खोटी नाही. पुरुषी संप्रेरकांना प्रतिसाद देणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात टकलाशी संबंधित २८७ जागा सापडल्या. एक्स गुणसूत्रावर त्यांतल्या फक्त ४०. बाकीच्या बापाकडूनही येऊ शकतात. सर्वांत जास्त जनुकीय जोखीम असलेल्या दहा टक्के पुरुषांतही मध्यम ते तीव्र टक्कल ५८ टक्क्यांनाच होते. म्हणजे सगळी जनुके वाचूनही उत्तर नाणे उडवण्यापेक्षा थोडेसेच बरे. शिवाय तो अभ्यास युरोपीय वंशाच्या पुरुषांवरचा. त्यावर बेतलेली चाचणी ओझरच्या मुलाला हजारो रुपयांना विकणे आणि तिच्या जोरावर पुढची सिटिंग विकणे, याला केसाने गळा कापणे म्हणतात.

याचा अर्थ जनुकशास्त्राने केसांच्या रुग्णांना काही दिले नाही असा कोणी घेऊ नये. चाई पडण्याचेच उदाहरण घ्या. एकाएकी डोक्यावर नाण्याएवढे गोल चट्टे पडतात, काहींचे सर्व केस, भुवयासुद्धा जातात. क्रिस्तियानो यांना स्वतःला हा आजार झाला होता. २०१० मध्ये त्यांच्या गटाने हजारभर रुग्णांची जनुके तपासून दाखवले की हा प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच केसमुळांवर केलेला हल्ला आहे आणि त्याची वाट कोणत्या जनुकांतून जाते. ती वाट अडवणारी औषधे सांधेदुखीसाठी आधीच वापरात होती. २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. बारा वर्षांत जनुकापासून गोळीपर्यंत. औषध महाग आहे, देखरेखीखालीच घ्यायचे आहे, पण ‘ताण घेऊ नका’ याखेरीज ज्यांना काही सांगता येत नव्हते, त्यांना आता काहीतरी सांगता येते.

दुसरी गोष्ट याहून जुनी आणि आपल्या मुलखाच्या जवळची. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असे होते की ज्यांना दात थोडेच, अंगावर केस नाममात्र, तरुणपणीच टक्कल आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून होणारे अतोनात हाल. मुलींना त्रास नव्हता, पण त्यांच्या मुलांना होत असे. आज या आजाराला एक्टोडर्मल डिस्प्लेसिया म्हणतात. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी यांची सुरुवात ज्या निरोपाने होते, तो निरोपच या मुलांत पोहोचत नाही. केस नसणे हा त्यांचा सर्वांत लहान प्रश्न असतो. त्यांना घाम येत नाही. मालेगावच्या मे महिन्यात घाम न येणारे मूल म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ताप समजून अशा बाळाला गोळ्या देत राहतात, अंगावर पांघरूण घालतात.

या आजाराचा उंदीर प्रयोगशाळांत १९५० च्या दशकापासून होता. केसांतल्या दोषामुळे तो लक्षात आला होता, त्याला ‘टॅबी’ म्हणत. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गाभण टॅबी उंदरांना नसलेले प्रथिन टोचले, तर पिले जवळजवळ नीट जन्मली. त्या आधारावर जर्मनीत होल्म श्नायडर यांनी जुळ्या गर्भांना आणि नंतर आणखी एका गर्भाला, पोटात असतानाच, गर्भजलात हे प्रथिन दिले. २०१८ मध्ये त्याचा अहवाल आला, तेव्हा त्या तिन्ही मुलांना व्यवस्थित घाम येत होता. उपचार अजून सरसकट उपलब्ध नाही. पण एका केसाळ-बिनकेसाळ उंदराच्या मागे पन्नास वर्षे लागणाऱ्या माणसांना कोणी हसले असेल, तर त्यांनी या मुलांकडे पाहावे.

आपल्या राज्यात केसांकडे कसे पाहिले जाते, हे जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठी-मुठीने हातात येऊ लागले. ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पडले, त्यावर विनोदांचा पाऊस पडला. त्या गावांतल्या पोरापोरींना मात्र बाहेर तोंड दाखवायची चोरी झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तिथे गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे काहींची नखेही गळाली. केसाचे मूळ हा शरीराचा वेगाने काम करणारा कारखाना आहे. अन्नात, पाण्यात, रक्तात बिघाड झाला की त्याची खबर तो आधी देतो. केमोथेरपीत केस जातात तेही याच वेगामुळे. खबर देणाऱ्यावर हसण्याची रीत बरी नाही.

कायद्याचे बोलायचे तर कायदा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत जे आजार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशी यादी आहे, तिच्यात टक्कल आहे आणि नवे केस उगवणेही आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूलपेशींचा वापर ठरावीक रक्तविकारांसारख्या मान्य आजारांखेरीज फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. फलक मात्र रस्त्यावर आहेत. अन्न व औषध प्रशासनाने एक आठवडा नाशिक ते चांदवड हा महामार्ग नुसता डोळे उघडे ठेवून फिरला तरी पुरे.

पण फलक उतरवून अर्धेच काम होईल. मुलाला टोपी घालायला सांगणारा डॉक्टर तसाच राहिला तर फलकाची जागा मोबाइल घेईल, नव्हे घेतलीच आहे. त्वचेच्या पदव्युत्तर विभागांबाहेर केसांची तपासणी नीट शिकवली जात नाही. डर्मोस्कोप हे हातात मावणारे भिंग असते. त्यातून मुळे बारीक होत चालली आहेत की जळून गेली आहेत हे दिसते. ते तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असायला हवे. आणि खारघरसारख्या प्रयोगशाळांना जो पैसा लागतो, तो ‘केसांवर कसला खर्च’ असे म्हणून मागे ठेवला जाऊ नये.

त्या श्रावणातल्या दुपारी सगळे हसून झाल्यावर एका कनिष्ठ डॉक्टरबाईंनी त्या मुलाला पुन्हा स्टुलावर बसवले. “तुझे वडील काडी तपासल्याशिवाय ऑक्टोबर छाटणी घेतात का रे?” त्यांनी विचारले. तो नाही म्हणाला. “मग त्या क्लिनिकवाल्यांनी तुला कुठली तपासणी दाखवली? किती जणांवर केलं, किती जणांचे केस आले, कुठे छापून आलं?” त्याला काही सांगता येईना. मग त्यांनी भिंग लावून त्याचे डोके पाहिले. पुरुषी टकलात मूळ मेलेले नसते, ते बारीक होत जाते. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी टकलाच्या जागेतही मूलपेशी शाबूत असल्याचे दाखवले आहे, त्यांच्यापासून पुढची पिढी मात्र तयार होत नाही. डोळा आहे, फुटत नाही, असे त्यांनी सांगितल्यावर पोराला लगेच कळले. डोळे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट त्यानेच तर लावली होती.

औषधे दोनच, आणि दोन्ही जुनी. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायला मान्य झाले. ते विश्रांतीतल्या मुळाला लवकर उठवते, पण बंद केले की फायदा जातो. दुसरे फिनास्टेराइड. डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मजात एका वितंचकाची कमतरता असलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, या निरीक्षणातून त्याची वाट सापडली. तेही एका जनुकाचेच देणे. काही थोड्या पुरुषांत त्याचे लैंगिक दुष्परिणाम होतात, ते आधी सांगूनच द्यायचे असते. गेलेले सगळे केस दोन्हींनी परत येत नाहीत, आहेत त्यांतले बरेच टिकतात. डॉक्टरबाईंनी त्याला पहिले औषध लिहून दिले, फोटो काढून ठेवायला आणि सहा महिन्यांनी दाखवायला सांगितले. सहा सिटिंगचा विषय तिथेच मिटला.

निघताना तो दारात थांबला. बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, चार महिने झाले, तिचे केस फार गळतात, ती ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते आणि रडते, असे त्याने सांगितले. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस गळणे सामान्य आहे, गरोदरपणात थांबलेली मुळे एकदम विश्रांतीला जातात आणि ते केस बहुधा परत येतात. तरी डॉक्टरबाईंनी तिला घेऊन यायला सांगितले. पुढच्या आठवड्यात ती आली, आईसोबत, बाळाला घेऊन. बाळंतपणानंतर तिचे रक्त कोणी तपासले नव्हते. हिमोग्लोबिन साडेसात निघाले.